आरोपीविना आरोपपत्र : ‘कॅथी कम होम’ आणि शासनाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न

१६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीच्या ‘द वेन्झडे प्ले’ या मालिकेत ‘कॅथी कम होम’ हा सुमारे सव्वा तासाचा दूरचित्रवाणीपट प्रथम दाखविण्यात आला. त्याचे लेखन जेरेमी सँडफर्ड यांचे, निर्मिती टोनी गार्नेट यांची आणि दिग्दर्शन केन लोच यांचे होते. त्या रात्री तो सुमारे १ कोटी २० लाख प्रेक्षकांनी पाहिला. एका रात्रीत राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी जागी करणारी कलाकृती, अशी त्याची ख्याती तेव्हापासून रूढ झाली. ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी काम करणारी संस्था अवघ्या पंधरा दिवसांनी, १ डिसेंबर १९६६ रोजी स्थापन झाल्यामुळे या ख्यातीला पुरावाच मिळाला. वस्तुतः शेल्टरची सिद्धता या प्रसारणाआधीच चालू होती आणि बेघरांना घर देण्याचे कायदेशीर दायित्व स्थानिक प्राधिकरणांवर येण्यास पुढे अकरा वर्षे लागली. आख्यायिका कलाकृतीचा गौरव करते, परंतु समीक्षेचे काम अवघड करून ठेवते. ज्या कृतीने कायदा बदलला असे मानले जाते, तिने नेमका कोणाला जाब विचारला, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

कथानक साधे आहे. लंडनमध्ये आलेली कॅथी आणि मालमोटार चालविणारा रेग यांचा विवाह होतो. मुले चालतील अशी जागा शोधताना पहिली अडचण येते, रेगच्या अपघाताने उत्पन्न थांबते आणि घसरण सुरू होते. रेगच्या आईचे गर्दीने भरलेले घर, मग एका वृद्ध घरमालकिणीच्या आश्रयाने मिळालेल्या खोल्या, तिच्या मृत्यूनंतर भाडेथकबाकीचा तगादा व बेदखली, पुढे कारवान वस्ती आणि तेथील आग, मोडकळीला आलेले घर, आणि शेवटी १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या तिसऱ्या भागान्वये चालणारे निवारागृह, जेथे पतीला राहण्यास मनाई आहे. अखेरीस रेल्वेस्थानकावर बसलेल्या कॅथीच्या मुलांना समाजकल्याण विभागाची माणसे काढून घेतात. कॅरोल व्हाइट यांची कॅथी आणि रे ब्रुक्स यांचा रेग ही दोन्ही पात्रे सामान्य आहेत. त्यांच्या हातून घडलेली चूक म्हणजे फार तर आपली ऐपत ओळखण्यातील चूक होय.

या पटाचे कलात्मक सामर्थ्य त्याच्या ध्वनियोजनेत आहे. पडद्यावर कॅथीची कथा चालू असताना अनाम माणसांचे आवाज ऐकू येतात. शेजारी, भाडेकरू, अधिकारी आपापली मते मांडतात, कधी घरांची आकडेवारी सांगितली जाते. चित्र एका कुटुंबाचे आणि आवाज मात्र एका समाजाचा, अशी ही रचना आहे. वृत्तपट आणि नाट्य यांच्या सीमारेषेवरील या तंत्रावर त्या काळी आक्षेपही घेतले गेले. मराठी समीक्षेतील ‘प्रचारकी’ हे विशेषण येथे सहज सुचेल. पण ते पुरेसे नेमके नाही. प्रचाराला शत्रू लागतो. ‘कॅथी कम होम’ मध्ये शत्रू नाही, आणि त्याचे बलस्थान व त्याची मर्यादा ही दोन्ही नेमकी येथेच आहेत.

कॅथीला भेटणारा प्रत्येक अधिकारी नियमाने वागतो. गृहनिर्माण विभागाकडे प्रतीक्षायादी आहे, निवारागृहाकडे मुदतीचा नियम आहे, बाल विभागाकडे निराधार मुलांचे दायित्व आहे. कोणी क्रूर नसतो. फार तर थकलेला, उद्धट किंवा उपदेशप्रिय असतो. प्रत्येक टप्प्यावर निर्णय होतो, पण निर्णय घेणारा सापडत नाही. घराचा प्रश्न गृहनिर्माण विभागाने सोडविला नाही म्हणून तो बाल विभागाचा प्रश्न झाला. आई-वडिलांना निवारा देण्यास असमर्थ असलेले तेच शासन त्यांच्या मुलांना मात्र सरकारी खर्चाने ठेवावयास तयार असते. या विसंगतीचे इतके थंड व अचूक चित्रण त्यानंतरच्या दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळेल. परंतु सर्वच जण नियमाने वागत असतील तर दोष कोणाचा, याचे उत्तर पट देत नाही. जमिनीची मालकी आणि बांधकाम उद्योगाचे अर्थकारण या प्रश्नांपर्यंत आपला पट पोहोचला नाही, असे पुढे स्वतः लोच यांनीही मुलाखतींतून म्हटले आहे.

यापेक्षा मोठी उणीव दुसरी आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पतीला निवारागृहाबाहेर ठेवण्याचा नियम काल्पनिक नव्हता. केंट परगण्यात वेस्ट मॉलिंगजवळील किंग हिल निवारागृहात १९६५-६६ मध्ये याच नियमाविरुद्ध कुटुंबांनी लढा दिला. पती बायकामुलांसोबत राहू लागले. परगणा परिषदेने न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविले. ते मोडल्याबद्दल काही जणांना न्यायालयाच्या अवमानाखाली तुरुंगात जावे लागले. आपल्या कुटुंबाजवळ राहणे हा दंडनीय अपराध ठरला, हे प्रकरण वृत्तपत्रांत गाजले आणि परिषदेला धोरण बदलावे लागले. हा सारा लढा पटाच्या प्रसारणापूर्वीचा आहे. असे असूनही पटातील बेघर माणसे एकमेकांच्या दुःखाची साक्षीदार असली तरी एकत्र येऊन काहीच करीत नाहीत. कॅथी चिडते, भांडते, पण एकटीच. प्रेक्षकाच्या करुणेला एकटी स्त्री अधिक पचते, संघटित भाडेकरू कमी पचतो, असा हिशेब येथे झाला असावा. करुणेने देणगी मिळते. जाब विचारणारा नागरिक मात्र कथेतून नाहीसा होतो.

१९७७ च्या बेघर व्यक्ती गृहनिर्माण कायद्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. लिबरल पक्षाचे स्टीफन रॉस यांनी तो खासगी विधेयकाच्या रूपाने मांडला होता. मुले असलेली कुटुंबे, गरोदर स्त्रिया, वृद्ध वा असहाय व्यक्ती यांना ‘अग्रक्रमाची गरज’ असलेले मानून त्यांच्या निवाऱ्याचे दायित्व स्थानिक प्राधिकरणांवर टाकण्यात आले. कॅथीच्या मुलांचे जे झाले ते निदान कायद्याने टाळता येऊ लागले. पण संसदीय चर्चेत एक कलम आत शिरले : जो ‘हेतुपुरस्सर’ बेघर झाला आहे, त्याच्याबाबत हे दायित्व पूर्ण लागू नाही. म्हणजे चौकशी प्रथम बेघर माणसाच्या वर्तनाची. घर का गेले, भाडे का थकले, आधीची जागा का सोडली, हे त्याने सांगायचे. शासनाने उत्तर देण्याआधी नागरिकाने उत्तर द्यावे, हा क्रम तेव्हा प्रस्थापित झाला. कॅथी आणि रेग यांची जुनी जागा भाडेथकबाकीने गेली होती. १९७७ नंतरही एखाद्या कारकुनाने त्यांच्या अर्जावर कोणता शेरा मारला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

तरुणांच्या बाबतीत हीच टोलवाटोलवी अधिक उघडपणे दिसते. सोळा-सतरा वर्षांचे मूल ना पूर्ण बालक ना पूर्ण भाडेकरू. लंडनच्या सदर्क भागात आईने घराबाहेर काढलेला एक सतरा वर्षांचा मुलगा बाल विभागाकडे गेला असता त्याला बेघर व्यक्तींच्या विभागाकडे पाठविण्यात आले. खोली मिळाली, पण १९८९ च्या बालक कायद्याखाली मिळणारा पाठिंबा, जो प्रौढ झाल्यावरही काही काळ टिकतो, तो मिळाला नाही. मे २००९ मध्ये लॉर्डसभेच्या न्यायिक समितीने हे चुकीचे ठरविले : अशा मुलाला केवळ छप्पर पुरत नाही, त्याचे दायित्व बाल विभागाचेच आहे. निकाल निःसंदिग्ध होता. तरीही त्यानंतरची अनेक वर्षे संगोपनातील हजारो मुलांना देखरेख नसलेल्या निवासांत ठेवले जात राहिले. सोळा वर्षांखालील मुलांना अशा ठिकाणी ठेवण्यावर इंग्लंडमध्ये बंदी आली ती २०२१ मध्ये, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या निवासांना नोंदणी सक्तीची झाली ती २०२३ मध्ये. कुत्र्यांच्या पाळणाघराला परवाना आवश्यक असलेल्या देशात हा विलंब बोलका आहे.

घर मिळाले, तरी ते राहण्याजोगे आहे काय, हा प्रश्न पटाने कारवान आणि पडक्या घराच्या प्रसंगांतून मांडला होता. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये एका दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क त्यास कारण ठरल्याचा निष्कर्ष कोरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदविला. वडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्या वेळी सामाजिक गृहनिर्माणाच्या नियामकाला एखाद्या संस्थेवर जास्तीत जास्त ५,००० पौंड दंड करता येत असे. २०२३ च्या कायद्याने ही मर्यादा काढली, आणि मुलाच्या नावाने ओळखला जाणारा ‘अवाबचा कायदा’ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरमालकांना लागू झाला. या ५,००० पौंडांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. एप्रिल २०१५ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये दोषी ठरलेल्या प्रौढांवर ‘फौजदारी न्यायालय शुल्क’ लादण्यात आले. ते १५० पासून १,२०० पौंडांपर्यंत होते आणि ते आकारताना गुन्हेगाराची ऐपत पाहण्याची मुभा न्यायाधीशाला नव्हती. दुकानातून खाण्याची वस्तू उचलणारा अठरा वर्षांचा बेघर मुलगाही त्यातून सुटत नव्हता. अनेक दंडाधिकाऱ्यांनी निषेधार्थ राजीनामे दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शुल्क रद्द झाले. हजारो घरे सांभाळणाऱ्या संस्थेची कमाल जबाबदारी आणि फाटक्या खिशाच्या मुलाची कमाल जबाबदारी यांत अंतर किती थोडे होते, हे आकडेच सांगतात.

त्याच २०१५ मध्ये ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर’ सुरू झाली. एक दंडाधिकारी, त्याला एक विधी सल्लागार आणि समोर फक्त कागद. आरोपी नाही, वकील नाही, श्रोते नाहीत. तिकिटाविना रेल्वे प्रवास किंवा दूरचित्रवाणीचा परवाना नसणे अशी प्रकरणे तिच्यातून निकालात निघतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य दंडाधिकारी पॉल गोल्डस्प्रिंग यांनी रेल्वेभाड्याची सुमारे ७४,००० प्रकरणे रद्दबातल ठरविली, कारण ती या पद्धतीने चालविण्याचा अधिकार रेल्वे कंपन्यांना नव्हता. येथे एक उपरोध नोंदविण्याजोगा आहे. बीबीसी परवानाशुल्कावर चालते. ‘कॅथी कम होम’ त्याच पैशातून निघाला. परवाना नसल्याबद्दल दोषी ठरणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात. आजच्या एखाद्या कॅथीने हा पट परवान्याविना थेट प्रसारणात पाहिला, तर तिचा निकाल ती हजर नसताना काही मिनिटांत लागू शकतो. उलट १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली, तिच्या चौकशीचा अंतिम अहवाल यावयास सप्टेंबर २०२४ उजाडले. खालच्या माणसासाठी न्याय वेगवान आणि वरच्यासाठी सविस्तर, असा हा वेळेचा भेद आहे.

लोच यांनी १९९४ च्या ‘लेडीबर्ड लेडीबर्ड’ मध्ये मुले काढून घेतल्या जाणाऱ्या आईचा विषय पुन्हा हाताळला. तेथील आई सोशिक नाही, प्रेक्षकाला ती आवडेलच अशीही नाही, आणि तिच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यांना चेहरे आहेत. तो चित्रपट ‘कॅथी’ इतका लोकप्रिय झाला नाही, याचे नवल नाही. पण उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तो अधिक प्रौढ आहे.

‘कॅथी कम होम’ च्या शेवटी पडद्यावर अक्षरे येतात. दाखविलेल्या साऱ्या घटना गेल्या अठरा महिन्यांत ब्रिटनमध्ये घडल्या आहेत, असे ती सांगतात. दरवर्षी किती मुले केवळ बेघरपणामुळे आई-वडिलांपासून वेगळी केली जातात, तेही सांगतात. हे दुसरे विधान कर्मणी प्रयोगात आहे. मुले वेगळी ‘केली जातात’. ती कोण करते, ते त्या वाक्यात नाही.