गणितसाधनांचा निर्देश : चिंचवडच्या एका मितीच्या निमित्तानें

मूळ कागद कोणाच्या दप्तरांतील, कोणत्या रुमालांतील व अस्सल कीं नक्कल, हें सांगण्याची शिस्त ऐतिहासिक लेखनांत आतां सर्वमान्य झाली आहे. परंतु त्याच लेखांत मितीचा इसवी तारखेशीं मेळ घालतांना, किंवा दप्तरांतील आंकड्यांचीं कोष्टकें मांडून त्यांवरून अनुमान काढतांना जी संगणकप्रणाली वापरलेली असते, तिचें नांवहि बहुधा आढळत नाहीं. ‘संगणकावर पडताळून पाहिलें’ एवढें लिहिलें म्हणजे काम झालें, अशी समजूत दिसते. आम्हांस हें वाक्य ‘एका जुन्या कागदांत असें आहे’ या वाक्याइतकेंच निरुपयोगी वाटतें. असें कां, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

मागील पिढीच्या संशोधकांकडे यंत्र नव्हतें, पण या बाबतींत त्यांची रीत चोख होती. सेवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ सालचा ‘इंडियन कॅलेंडर’, स्वामिकन्नु पिल्ले यांची १९२२ सालची एफिमेरिस, मोडकांची जंत्री, ग. स. खरे यांची शकावली, यांपैकीं कोणतें पुस्तक हाताशीं घेतलें हें सांगितलें कीं वाचकास तेंच पान उघडून पाहतां येई. लेखकाची चूक कोणती व कोष्टकाची कोणती, हें निराळें करतां येई. छापील कोष्टक बदलत नाहीं. प्रणाली मात्र वर्षास दोनदां बदलते, आणि जुनें रूप मागें ठेवीलच असें नाहीं.

आतां उदाहरण. चिंचवड येथील मोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरांत एक मराठी शिलालेख आहे. पुणें जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटियरांत त्याचें इंग्रजी भाषांतर दिलें आहे. त्याप्रमाणें मंदिराचें काम शके १५८० विलंबी संवत्सरीं कार्तिक शुद्ध १२ स आरंभलें व विकारी संवत्सरीं आषाढ शुद्ध ४ सोमवारीं पुरें झालें. विलंबीनंतर विकारी येतो, तेव्हां दुसरी मिती शके १५८१ ची, म्हणजे इ. स. १६५९ ची होय. वार दिलेला असल्यामुळें ही मिती गणितानें तपासतां येते.

आधुनिक दृग्गणितानें पाहतां त्या वर्षाच्या ज्येष्ठ अमावास्येचा अंत ता. २० जून (नवी पद्धति) रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास होतो. चंद्र त्या वेळीं उच्चाजवळ, म्हणून मंदगति होता, तिथि लांबल्या. सोमवार ता. २३ रोजीं सूर्योदयीं तृतीया आहे; ती सुमारें दीड तासानें संपून चतुर्थी लागते व मंगळवारीं सकाळीं संपते. आतां बहुतेक प्रणाली सूर्योदयीं असलेली तिथि त्या दिवसास देतात. असल्या प्रणालीस ‘आषाढ शुद्ध ४’ विचारलें तर ती मंगळवार ता. २४ असें उत्तर देईल. शिलालेख सोमवार सांगतो. मग घाईचा अभ्यासक काय करील? वार चुकला म्हणेल, वाचनास दोष देईल, किंवा लेख मागाहून कोरला अशी शंका काढील.

वास्तविक यांपैकीं एकाचीहि गरज नाहीं. गणेशाच्या शुद्ध चतुर्थीस माध्याह्नकाळीं असलेली तिथि घेतात. सोमवारीं माध्याह्नीं चतुर्थी होती, मंगळवारीं पंचमी. चिंचवडसारख्या गाणपत्य क्षेत्रीं काम पुरें झाल्याचा दिवस म्हणून सोमवारची चतुर्थी धरली जावी हें स्वाभाविकच आहे. शिवाय त्या काळीं महाराष्ट्रांत पंचांगें गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघव व तिथिचिंतामणि यांवरून करीत. त्यांतील तिथ्यंत आजच्या दृग्गणिताशीं घटिकांनीं भिन्न पडूं शकतो. तेव्हां प्रणाली कोणत्या सिद्धांतावर व कोणत्या नियमावर चालते, हें न सांगतां दिलेला ‘मंगळवार’ हा शिलालेखाविरुद्ध पुरावाच होत नाहीं.

इसवी तारखेचीहि हीच गोष्ट आहे. ‘आर’ व ‘पायथन’ यांतील नित्याची तारीखगणना नवी, म्हणजे ग्रेगरी पद्धति १५८२ च्या मागेंहि तशीच लांबविते, आणि १५८२ नंतरची प्रत्येक तारीख नवी समजते. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनीच पद्धति वापरीत होते. वर सांगितलेला सोमवार जुन्या पद्धतीनें ता. १३ जून १६५९ होय. पण ‘आर’ला त्या तारखेचा वार विचारला तर तो शुक्रवार सांगेल. ‘एक्सेल’ तर १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून घेतच नाहीं, आणि १९०० सालास २९ फेब्रुवारी नसतांना ती मोजतो. चाकणच्या १६६० च्या वेढ्यासारख्या प्रसंगाची शकावली करतांना फार्सी साधनांतील हिजरी दिनांक, इंग्रज वखारींच्या जुन्या तारखा व पोर्तुगीजांच्या नव्या तारखा एका रांगेंत आणाव्या लागतात. तेथें दहा दिवसांचा फरक पडला तर कारण कार्यानंतर येऊन बसेल.

संख्याशास्त्राच्या प्रणालींत हा धोका अधिक झांकलेला असतो. समजा, एखाद्या दप्तरांतील हजारों कागदांतून शंभर कागद चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावयाचे आहेत. ‘आर’मध्यें बीजांक दिला म्हणजे तीच निवड पुन्हां मिळते, असा भरंवसा असतो. परंतु एप्रिल २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीपासून निवडीची मूळ रीतच बदलली. तोच बीजांक देऊनहि दुसरेच शंभर कागद हातीं येतात. लेखकानें आवृत्ति सांगितली असेल तर जुनी रीत मुद्दाम लावून त्याची निवड पुन्हां करतां येते. नसेल तर मागाहून तपासणारास दोष कोठें आहे हें कळणार नाहीं. दोन बखरींच्या प्रतींत पाठभेद असतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आवृत्ति म्हणजे प्रणालीची प्रतच होय. प्रत न सांगतां पाठ देणें जितकें गैर, तितकेंच हेंहि.

यावर असें म्हणतील कीं, या न्यायानें लेखणीचा व शाईचाहि उल्लेख करावा लागेल. तसें नाहीं. जें साधन बदललें असतां निर्णय बदलूं शकतो, त्याचाच उल्लेख आवश्यक; ज्या प्रणालींत लेख केवळ टंकित केला तिचा नको. जागेची अडचणहि खरी नाहीं, कारण एक ओळ पुरते. ‘आर’मध्यें तर स्वतःचा निर्देश कसा करावा हें सांगणारी आज्ञाच दिलेली आहे. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत यंत्राचा सुटा भाग मोजल्यावर कोणत्या मापकानें मोजला व त्या मापकाची तपासणी कधीं झाली, याची नोंद राहते. तीनशें वर्षांपूर्वींच्या मितीचें माप घेणारानें त्याहून ढिलें कां असावें?

मात्र निर्देश केला म्हणजे निर्णय बरोबर ठरला, असेंहि नव्हे. प्रसिद्ध प्रणालीचें नांव दाखवून शंका बंद करणें हा उलट दोष आहे. निर्देशाचा उपयोग वाचकास तपासण्याची वाट मोकळी ठेवणें एवढाच.

म्हणून आमची सूचना अशी आहे. मितीचें रूपांतर दिलें तेथें मूळ मिती वारासह जशीच्या तशी प्रथम छापावी. नंतर प्रणालीचें नांव, कर्ता, आवृत्ति, कोणता सिद्धांत, सूर्योदय कोणत्या स्थळाचा व इसवी तारीख जुनी कीं नवी हें द्यावें. आंकड्यांच्या कामांत बीजांक व केलेल्या आज्ञा जपून ठेवाव्या आणि मागणारास द्याव्या. ज्या लेखांत हें नसेल त्यांतील तारखा संग्राहकांनीं आपल्या सूचींत पक्क्या म्हणून उतरवूं नयेत. चिंचवडच्या शिलालेखांतील सोमवार साडेतीनशें वर्षें टिकला आहे. निनांवी गणितानें त्याचा मंगळवार होऊं देऊं नये.