ठकाची कथा आणि ऐकणाऱ्याचा वाटा

सुरत शहराचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्या स्वाऱ्यांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु त्यांतील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपले द्रव्य जात आहे आणि ते कोण नेत आहे, याविषयी त्या वेळच्या सुरतेतील सावकारांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी याच शहराच्या नावाशी एक वेगळे प्रकरण जोडले गेले. त्यात ज्यांचे द्रव्य गेले त्यांनी ते स्वहस्ते आणि आनंदाने दिले होते. इतकेच नव्हे, तर आपल्या आप्तांनाही द्यावयास लावले होते. या दुसऱ्या प्रकारच्या हानीचे वाङ्मयीन रूप कोणते, आणि आपल्या साहित्याने तिचे आकलन कितपत केले आहे, हा प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

प्रकरण थोडक्यात असे. ‘बिटकनेक्ट’ नावाची एक योजना २०१६ च्या अखेरीस सुरू झाली. लोकांनी बिटकॉइन हे आभासी चलन द्यावे, त्याच्या बदल्यात योजनेचे स्वतःचे नाणे घ्यावे आणि ते योजनेस कर्जाऊ ठेवावे, अशी तिची रीत होती. बाजारातील चढउतारांवर आपोआप नफा मिळवणारे एक यंत्र, म्हणजे संगणकावरील एक कार्यक्रम, आपणापाशी आहे, असे सांगण्यात येई आणि त्यावर दरमहा ४० टक्क्यांपर्यंत लाभाची आशा दाखवण्यात येई. नवा माणूस आणणाऱ्यास निराळी दलाली होती. ४ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या रोखेनियामक मंडळाने तिला मनाईहुकूम बजावला. १६ जानेवारीस कर्जाचा व्यवहार बंद झाल्याचे जाहीर झाले आणि त्या नाण्याची किंमत जवळजवळ नाहीशी झाली. अमेरिकन सरकारच्या म्हणण्याप्रमाणे हा व्यवहार २४० कोटी डॉलरांचा होता. योजनेचा अमेरिकेतील प्रमुख प्रचारक ग्लेन आर्कारो याने सप्टेंबर २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये त्यास ३८ महिन्यांची शिक्षा झाली. योजनेचा संस्थापक म्हणून सुरतच्या सतीश कुंभानीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅन दिएगो येथे आरोप ठेवण्यात आला. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. भारतात अंमलबजावणी संचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकरणी १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले.

ही हकीकत नवी असली तरी तिचे कथानक जुने आहे. १९२० साली बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ केला होता. त्याच्या कथेतील यंत्र म्हणजे आंतरराष्ट्रीय टपालाची उत्तर-कूपने. निरनिराळ्या देशांतील त्यांच्या किमतीतील फरकातून हा नफा निघतो, असे तो सांगे. प्रत्यक्षात नव्या ठेवीदारांच्या पैशांतून तो जुन्यांची देणी भागवीत होता. तुरुंगातून सुटल्यावर हाच गृहस्थ फ्लॉरिडात जमिनीची योजना घेऊन उभा राहिला. टपालाच्या कूपनांचे जमिनीचे तुकडे झाले, पुढे जमिनीचे संगणकावरील नाणे झाले, आणि २०२५ च्या आरंभी मुंबईच्या दादरमध्ये कोसळलेल्या ‘टोरेस’ प्रकरणात त्या नाण्याचा चमकता खडा झाला. यंत्र बदलते, कथानक बदलत नाही. म्हणूनच असा प्रवर्तक एका योजनेवर थांबत नाही. एक प्रयोग बंद पडला की तेच नाटक नव्या नेपथ्यात लावता येते.

‘नाटक’ हा शब्द मी येथे केवळ अलंकार म्हणून वापरीत नाही. मराठी साहित्यात ठकाचे जे सर्वांत गाजलेले चित्र आहे ते नाटकातच आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ सालच्या नाटकातील लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निरनिराळी नावे, वेष आणि बोली धारण करून त्याने निरनिराळ्या गावी स्त्रियांना व त्यांच्या कुटुंबांना फसवले आहे. एका प्रत्यक्ष खटल्यावर आधारलेल्या या नाटकात न्यायालय हे मध्यवर्ती स्थळ आहे. फिरत्या रंगमंचावर साक्षीदारांच्या जबान्या प्रसंगरूपाने उभ्या राहतात आणि प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेली ती सर्व रूपे पाहून प्रेक्षक थक्क होत असत.

या नाटकाचे सामर्थ्य कशात आहे? त्याच्या प्रेक्षकास दिलेल्या आसनात आहे, असे मला वाटते. पाचही मुखवट्यांमागे एकच नट आहे हे प्रेक्षक पहिल्यापासून जाणतो. रंगमंचावरील माणसे फसतात, प्रेक्षक मात्र क्षणभरही फसत नाही. या ज्ञानातून त्याचे हसू उत्पन्न होते आणि त्याच ज्ञानातून त्याचा संतापही. परंतु हीच त्या नाटकाची मर्यादाही होय. फसलेल्या मनुष्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न प्रेक्षकास पडण्याचे कारणच उरत नाही. फसवणूक ही आतून कशी दिसते, हे बाहेरच्या आसनावरून कळत नाही. विवाहाचे आमिष दाखवणाऱ्या ठकाच्या बाबतीत ही मर्यादा फारशी जाणवत नाही, कारण तो आपली शिकार एकेकटी गाठतो. त्याचे यशच मुळी फसलेली माणसे परस्परांस भेटू नयेत यावर अवलंबून असते.

योजनेच्या प्रवर्तकाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याला माणसे परस्परांस भेटावयास हवी असतात. लखोबा न्यायालयात स्वतःची ओळख नाकारतो. हा प्रवर्तक प्रत्येक श्रोत्यास एक नवी ओळख बहाल करतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये थायलंडमधील पटाया येथे ‘बिटकनेक्ट’चा जो सोहळा झाला, त्यात व्यासपीठावरून सर्वांत मोठ्याने घोषणा देणारा मनुष्य संस्थापक नव्हता. तो न्यूयॉर्कहून आलेला एक गुंतवणूकदार होता. योजनेचे नाव लांबवून तो आरोळी देत होता आणि सभागृह त्यास साथ देत होते. पुढे त्या आरोळीचे चलच्चित्र जगभर थट्टेचा विषय झाले. परंतु रसिकाने त्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे. हे एक प्रकारचे कीर्तन होते आणि त्यातील टाळकरी पैसे भरून आलेले होते. अशा वाङ्मयप्रकारात श्रोता हाच निरूपणकार होतो. ‘मला मिळाले’ हे त्याचे वाक्य खरे असते, कारण आरंभीचे हप्ते खरोखरीच मिळतात. खोट्या कथेस खरी साक्ष देणारा हा जो प्रामाणिक मनुष्य, तोच या कथेचा कणा होय.

हे मर्म डिकन्सने पाँझीच्याही आधी ओळखले होते. ‘मार्टिन चझलविट’ (१८४३–४४) या कादंबरीत टिग नावाचा लफंगा एक विमा कंपनी काढतो, तिच्या नावात बंगालचा उल्लेख घालतो आणि कचेरीच्या दारात तांबड्या बंडीचा एक भव्य द्वारपाल उभा करतो. लोकांचा विश्वास बसतो तो त्या बंडीवर. येथवर डिकन्सही उपहासाच्याच पातळीवर आहे. परंतु दहाबारा वर्षांनी लिहिलेल्या ‘लिटल डॉरिट’मध्ये तो फार पुढे गेलेला दिसतो. तेथील मर्डल या धनाढ्याचा उद्योग नेमका कोणता हे कोणासच ठाऊक नाही आणि तरीही सर्व लंडन त्याच्यापायी वेडे झाले आहे. कादंबरीचा नायक क्लेनम हा लोभी नाही. उलट त्याची सदसद्विवेकबुद्धी प्रमाणाबाहेर जागी आहे. तरीही तो आपल्या भागीदाराच्या विश्वासाचे द्रव्य मर्डलच्या व्यवहारात घालतो आणि अखेर कर्जदारांच्या तुरुंगात जातो. त्याला या मार्गावर नेणारा कोण? मर्डल नव्हे. पँक्स नावाचा त्याचा सरळ मनाचा, हिशोबात तरबेज असा मित्र. पँक्सने स्वतः आकडेमोड केली आहे, स्वतःचे पैसेही घातले आहेत. त्याच्या बोलण्यात असत्याचा लवलेशही नाही. डिकन्सने या प्रकाराला साथीच्या रोगाची उपमा दिली आहे ती यामुळेच. रोग पसरवणाऱ्याच्या मनात वैर असावे लागत नाही. त्याचा सहवास पुरेसा असतो.

आता आपल्याकडे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते, ते असे की, लोक लोभी असतात म्हणून फसतात. हे उत्तर नैतिक वाटते, पण ते अपुरे आहे. दरमहा ४० टक्के चक्रवाढीने एक हजार रुपयांचे वर्षाअखेरीस सुमारे ५६,७०० होतात, दुसऱ्या वर्षाअखेरीस ३२ लाखांच्या वर जातात आणि तिसऱ्या वर्षी १८ कोटींच्या पुढे. हे गणित सातवीतील मुलगाही करू शकेल. तरी ते केले जात नाही, याचे कारण केवळ लोभ नव्हे. हा आकडा आपल्यापुढे येतो तो जाहिरातीतून नव्हे, तर मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या, शाळेतील सहकाऱ्याच्या तोंडून. त्यावर गणित मांडणे म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणे होय, असे आपल्याला वाटते. आपण शिष्टाचार पाळतो आणि शिष्टाचाराची किंमत मोजतो.

या ठिकाणी मला स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. अनेक वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याने ठेवींच्या अशाच एका योजनेचे मराठी पत्रक माझ्यापुढे ठेवले. भाषा ओबडधोबड होती आणि ती ‘जरा नीट करून द्यावी’ अशी त्यांची विनंती होती. मी ती मान्य केली. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एक लांबलचक वाक्य तोडून दोन केली, ‘हमखास’ या शब्दाऐवजी ‘निश्चित’ हा अधिक भारदस्त शब्द सुचवला. पत्रकात सांगितलेले व्याज कोठून येणार, हे मी विचारले नाही. तो माझा प्रांत नव्हे, असे मला वाटले. योजना बुडाली. त्या सहकाऱ्यांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून दोघा शिपायांचे पैसे फेडले आणि त्याविषयी पुढे कधी चकार शब्द काढला नाही. ते पँक्स होते. परंतु त्या पत्रकाच्या दारात तांबड्या बंडीचा द्वारपाल मीच उभा केला होता.

म्हणून या विषयाकडे पाहताना समीक्षेने दोन गोष्टी कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. पहिली गोष्ट म्हणजे ठकाचे चित्र हे विनोदाचे किंवा खलनायकाचे प्रकरण मानण्याची आपली सवय तपासून पाहावी. लखोबाचे कौतुक करून आपण थांबलो, तर मराठी कथेस पँक्सची जागा रिकामीच राहील. न्यायालयात त्या मध्यस्थास एकतर आरोपी व्हावे लागते किंवा साक्षीदार. तो एकाच वेळी फसलेला आणि फसवणारा आहे, हे सत्य धरून ठेवण्यास वाङ्मयाखेरीज दुसरी जागा नाही. दुसरी गोष्ट अशी की, योजनांची पत्रके, सभांतील भाषणे आणि ‘मला मिळाले’ या साक्षी यांना समीक्षेने अभ्यासाचे साहित्य मानावे. त्यांतील कर्ता कोठे लपवला जातो, ‘कंपनी’, ‘यंत्र’, ‘परतावा’ यांसारख्या शब्दांआड क्रिया कोण करीत आहे, हे विचारणे हे व्याकरणाच्या शिक्षकाचेच काम आहे. ‘पैसे वाढतात’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या दोष नाही. परंतु पैसे आपण होऊन वाढत नाहीत, ते कोणीतरी देतो. तो कोण, एवढे वर्गात विचारता आले तरी पुष्कळ झाले.

याबाबतीत सुरतेनेच आपणास एक जुने उदाहरण देऊन ठेवले आहे. मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे काही काळ त्या शहरात शिक्षक होते. १८४४ साली तेथील शाळामास्तर दुर्गाराम मेहताजी आणि इतर मंडळींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. मंत्रतंत्राच्या सामर्थ्याचा दावा करणाऱ्या मांत्रिकांना आणि जादूगारांना या सभेने आव्हान दिले की, आपली करामत लोकांसमक्ष सिद्ध करून दाखवा. ती मंडळी श्रीमंत नव्हती आणि अधिकारसंपन्नही नव्हती. तो आपला प्रांत नव्हे, असे मात्र त्या व्याकरणकारास वाटले नाही. आज त्याच सुरतेत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने नांदत आहेत आणि तेथील महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकत आहेत. दादोबांचे व्याकरण त्या वर्गांत जसेच्या तसे शिकवले जात नसेल; परंतु सांगणाऱ्याचा मान राखूनही पुरावा मागण्याची त्यांची रीत तेथे, आणि आपल्याही वर्गांत, शिकवली जावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.