तराफ्यावरचे सोबती

समुद्रप्रवासाचे पुस्तक हाती घेतले की आपण लाटा शोधतो, वादळ शोधतो, शार्क मासा कुठे येतो ते पाहतो. मी मात्र अलीकडे अशा पुस्तकांत सोबती शोधू लागलो आहे. मोठ्या आगबोटीवर हजार उतारू असतात. तिथे नको असलेल्या माणसाला टाळता येते. पण चार-सहा जण एका गलबतावर किंवा तराफ्यावर चढले, की टाळणे संपते. आम्हां मास्तरांना याचा अनुभव आहे. चाळीस मुलांची सहल शिस्तीत पार पडते. सहा मुलांना एका तंबूत ठेवा, दुसऱ्या सकाळपर्यंत निदान दोघांचा अबोला झालेला असतो! तेव्हा लहान टोळीच्या सफरीचे खरे साहस समुद्राशी असते की सोबत्यांशी, हा प्रश्न मला फार दिवस पडला आहे. शिवाय अशा सफरीची हकीकत लिहायची कोणी, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

या जातीच्या पुस्तकांत थोर हायरडाल या नॉर्वेजियन गृहस्थाचे ‘कॉन-टिकी’ अग्रस्थानी आहे. २८ एप्रिल १९४७ रोजी पेरू देशातील कायाओ बंदरातून सहा माणसे बाल्साच्या नऊ ओंडक्यांच्या तराफ्यावर बसून निघाली आणि १०१ दिवसांनी, ७ ऑगस्ट रोजी, पॉलिनेशियातील रारोइया बेटाच्या प्रवाळखडकावर आदळली. अंतर सुमारे ६,९०० किलोमीटर. दक्षिण अमेरिकेतील प्राचीन लोक असेच तरंगत जाऊन त्या बेटांवर वसले असतील, हे हायरडालला दाखवायचे होते. तो सिद्धांत विद्वानांनी स्वीकारला नाही. पॉलिनेशियन लोकांचे पूर्वज पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आले, हेच भाषेने आणि वंशशास्त्राने ठरवले. इ. स. १२०० च्या सुमारास दोन्हीकडच्या लोकांचा थोडा रक्तसंबंध आला होता, एवढे मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. सिद्धांत बुडाला, पुस्तक मात्र अजून तरंगते आहे. १९४८ साली ते नॉर्वेजियन भाषेत निघाले आणि पुढे जगभरच्या कितीतरी भाषांत गेले.

ते का तरंगते? एक तर हायरडालची लेखणी प्रसन्न आहे. सकाळी तराफ्यावर आपोआप येऊन पडलेले उडते मासे गोळा करून न्याहारी शिजवायची, ओंडक्यांच्या फटींतून समुद्राचे पाणी आल्या वाटेने निघून जायचे, रबराच्या छोट्या होडीतून थोडे दूर जाऊन आपलेच घर लाटांवर डोलताना पाहायचे आणि हसत सुटायचे. हे सारे तो अशा साधेपणाने सांगतो, की जेवायला हाक आली तरी मुले पुस्तक खाली ठेवत नाहीत. घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी वाचावे असे हे पुस्तक आहे, याविषयी दुमत नाही.

पण पुन्हा वाचताना माझे लक्ष त्या बांबूच्या खोपटाकडे गेले. चौदा फूट लांब, आठ फूट रुंद. पुरुषभर उंचीही नाही. त्यात सहा दांडगे पुरुष १०१ रात्री झोपले. आणि भांडण? पुस्तकात ते जवळजवळ नाहीच! एकाला दुसऱ्याच्या घोरण्याचा राग आला नाही, पाण्याच्या वाटणीवरून कोणी तोंड फिरवले नाही, कप्तानाच्या एखाद्या निर्णयाने कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटणे कठीण आहे.

सोबती काही सामान्य नव्हते. क्नूट हाउगलांड आणि टॉर्स्टाइन रॉबी हे महायुद्धात जर्मनांविरुद्ध जिवावर उदार होऊन गुप्त बिनतारी यंत्रे चालवलेले वीर. एरिक हेसेलबर्ग हा दर्यावर्दी आणि चित्रकार. हर्मन वॉट्झिंगर हा इंजिनिअर. बेंग्ट डॅनिएलसन हा एकटा स्वीडिश. ॲमेझॉनच्या अरण्यातून येऊन लिमा शहरात हायरडालला भेटला आणि मलाही न्या म्हणाला. समाजशास्त्राची ७३ पुस्तके घेऊन तो तराफ्यावर चढला. यांतल्या प्रत्येकावर एकेक कादंबरी व्हावी! पण हायरडाल प्रत्येकाला एकेक खूण देतो आणि मोकळा होतो. दाढीवाला पुस्तकातला किडा, गिटार वाजवणारा चित्रकार, कोपऱ्यात यंत्राशी खुडबुडणारे दोघे. माशांचे वर्णन तो जितक्या बारकाईने करतो तितके मित्रांचे करत नाही.

एका प्रसंगी मात्र पडदा बाजूला होतो. वाऱ्याने उडालेली झोपायची पिशवी धरायला गेलेला हर्मन पाण्यात पडतो. तराफ्याला मागे फिरता येत नाही. हर्मन झपाट्याने मागे पडत जातो. तेव्हा क्नूट दोरीला बांधलेले कडे घेऊन बेधडक उडी टाकतो आणि दोघांना ओढून घेतले जाते. तेवढी दोन पाने वाचताना या सहा जणांत काय होते ते एकदम कळते. भांडणे झाली असतील, पण हेही होते. मग वाटते, हायरडालचे मौन हा खोटेपणा नसून घरंदाजपणा असेल. एका ताटात जेवलेल्यांची उणीदुणी चारचौघांत काढायची नाहीत, ही रीत आपल्याकडेही आहे. माणूस म्हणून मी त्या रीतीला मान देतो. वाचक म्हणून माझी भूक मात्र राहते.

ही भूक २०१२ साली नॉर्वेतच निघालेल्या ‘कॉन-टिकी’ याच नावाच्या चित्रपटाने ओळखली. समुद्र पाहावा तर त्यात! पण पडद्याला संघर्ष हवा. तो आणायचा कुठून? त्यांनी हर्मनला धरले. पुस्तकातला धडधाकट इंजिनिअर पडद्यावर शीतकपाटे विकणारा, स्थूल, भेदरट इसम झाला. ओंडके भिजून बुडणार या भीतीने गळाठलेला. हर्मन १९८६ साली वारला होता. उत्तर द्यायला तो नव्हता. त्याच्या घरच्यांनी निषेध नोंदवला, पण चित्रपट जगभर गेला. आता लक्षावधी लोकांच्या मनात हर्मन वॉट्झिंगर भित्राच राहणार. पुस्तकाने मैत्रीखातर माणूस पुसट ठेवला होता; चित्रपटाने त्या पुसट जागेत हवे ते रंग भरले. मीही कादंबऱ्या लिहितो. पात्राला दुबळे करण्याचा अधिकार मला आहे. पण ते पात्र माझे असले पाहिजे. खऱ्या नावाच्या, खऱ्या माणसाची अब्रू कथानकाच्या सोयीसाठी खर्ची घालणे ही कला नव्हे.

याच्या उलट टोकाची सफर १९७३ सालची. सांतियागो हेनोवेस हा मेक्सिकोत स्थायिक झालेला मानववंशशास्त्रज्ञ हायरडालच्याच पपायरसच्या ‘रा’ नौकांवर १९६९ आणि १९७० साली सोबती म्हणून गेला होता. पुढे त्याने स्वतःचा ‘आकाली’ नावाचा तराफा बांधला. निरनिराळ्या देशांतून आणि धर्मांतून सहा स्त्रिया व चार पुरुष जमवले, अकरावा स्वतः. आणि कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडला. योगायोग असा, की यालाही १०१ दिवसच लागले. त्याचा हेतू मात्र निराळा. माणसे कोंडली की भांडतात का, हिंसा कशी उपजते, हे त्याला पाहायचे होते. प्रश्नपत्रिका दिल्या, वह्या भरल्या. भांडण होईना, तेव्हा एकमेकांविषयी खासगीत दिलेली उत्तरे सर्वांसमोर उघड करून पाहिले. तरी होईना! वृत्तपत्रांनी मात्र तराफ्याला चवचाल नाव ठेवून किनाऱ्यावर आपला धंदा केला.

स्वीडिश दिग्दर्शक मार्कुस लिंडेन यांचा २०१८ सालचा ‘द राफ्ट’ हा अनुबोधपट या सफरीवर आहे, आणि माझ्या मते या तिन्ही कृतींत तोच श्रेष्ठ. लिंडेन यांनी एका चित्रशाळेत तराफ्याची लाकडी प्रतिकृती उभी केली आणि हयात असलेल्या सोबत्यांना पंचेचाळीस वर्षांनी तिच्यावर पुन्हा चढवले. आता त्या म्हाताऱ्या झालेल्या बायका हात फिरवून जागा दाखवतात: इथे मी निजत असे, इथे आम्ही हसलो. नायकाच्या वहीतले शब्द एकीकडून ऐकू येतात आणि सोबत्यांची आठवण दुसरीकडून; दोन्ही जुळत नाहीत. कप्तान मारिया ब्यॉर्नस्टाम ही स्वीडिश बाई. वादळाच्या भीतीने तिने थांबावे म्हटले तर हेनोवेसने कप्तानपद स्वतःकडे घेतले. पुढे एक जहाज अंगावर येऊ लागले तेव्हा त्याला काही सुचेना, आणि पुन्हा तिनेच सूत्रे घेतली. या शास्त्रज्ञाला समुद्रात ढकलून द्यावे, असा विचार इतरांच्या मनात येऊन गेला होता, हेही त्या आज शांतपणे सांगतात. हिंसा शोधायला निघालेल्याला ती सापडली होती. पण ती त्याच्याच वाटेने आली होती, आणि सोबत्यांनी ती आवरली. ही गोष्ट त्याच्या प्रश्नपत्रिकांत कुठेच मावली नसती.

तिन्ही कृती शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट स्पष्ट दिसते. दुसऱ्याच्या सफरीत जो सामील होतो, तो आपला जीव तर सोबत्यांच्या हाती देतोच. आपली गोष्टही देऊन टाकतो. हायरडालने ती जपून झाकून ठेवली, चित्रपटाने ती मोडली, हेनोवेसने ती तक्त्यात भरली. लिंडेन यांनी ती ज्याची त्याला परत केली.

आपल्या मराठीपुरते पाहिले, तर हे भाग्य आपल्याला फार पूर्वी लाभले आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांच्या सोबतीने निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. ती सफर समुद्रावरची नव्हे, पण १९०७ साली छापला गेलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ ही सामील झालेल्या माणसाने स्वतः लिहिलेली हकीकत आहे. भूक, भीती, मोह, सारे त्यात आहे, कारण तिथे झाकायला वा मोठेपणा राखायला कोणी नायक नाही.

म्हणून माझे एक मागणे आहे. गोव्याहून १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून आपल्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. आता तर पैसे भरून आठ-दहा जणांच्या शिडाच्या सफरीला, कुणी पॉलिनेशियाला तर कुणी गालापागोसला, सामान्य माणसेही जातात. अशा प्रत्येक तराफ्यावरून एकच पुस्तक येऊ नये. जितके सोबती तितकी यावीत. एरिक हेसेलबर्गने १९४९ साली ‘कॉन-टिकी’वरचे आपले छोटे, स्वतःच्या चित्रांनी सजवलेले पुस्तक निराळे काढले होतेच. ज्याने स्वयंपाक केला त्याने लिहावे, जिला पहिले आठ दिवस ओकाऱ्या झाल्या तिनेही लिहावे. वाचणारे आम्ही आहोत. आणि या दिवाळीत कोणी अशा सफरीला निघणार असेल, तर फराळाच्या डब्याशेजारी एक कोरी वही ठेवायला विसरू नये.