सक्तमजुरी : मराठी बंदिवास-वाङ्मयातील श्रम आणि श्रमिक

१

शिक्षेच्या परिभाषेतील 'सक्तमजुरी' हा मराठी शब्द विचार करण्यासारखा आहे. मजुराने करावयाचे काम ती मजुरी, आणि त्या कामाबद्दल त्याच्या हाती पडणारा मोबदला तीही मजुरीच. मजुरी करणे आणि मजुरी मिळणे हे दोन्ही प्रयोग एकाच शब्दाच्या आश्रयाने नांदतात. काम आणि दाम यांचा संबंध इतका स्वाभाविक आहे की त्यांना निरनिराळी नावे देण्याची गरज भाषेला भासली नाही. परंतु या शब्दाच्या आधी 'सक्त' हे विशेषण येताच त्याचा दुसरा अर्थ गळून पडतो. उरते ते केवळ काम. बोलभाषेनेही तुरुंगाची आठवण श्रमाच्या रूपानेच जतन केली आहे. 'खडी फोडायला पाठविणे' किंवा 'चक्की पिसावयास लावणे' असे म्हटले की कोणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

लोकांच्या मनात तुरुंग हा असा श्रमाशी निगडित असताना, तुरुंगातून किंवा तुरुंगाविषयी निर्माण झालेल्या मराठी वाङ्मयात या श्रमाचे स्थान कोणते, आणि तो श्रम करणाऱ्या सामान्य बंदिवानाचे स्थान कोणते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. बंदिवास-वाङ्मयाचा विचार आजवर बहुधा देशभक्तीच्या, त्यागाच्या व आत्मचरित्राच्या अंगाने झाला आहे. प्रस्तुत विवेचनात तो श्रमाच्या अंगाने करावयाचा आहे.

२

या वाङ्मयाचा आरंभ गोपाळ गणेश आगरकर यांच्या डोंगरीच्या तुरुंगातील एकशेएक दिवसांच्या हकीकतीपासून मानण्याचा प्रघात आहे. कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक यांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली, ती साध्या कैदेची. साधी कैद म्हणजे जीत सक्तीचे काम नाही अशी कैद. वाङ्मयदृष्ट्या हा भेद कायद्यातील भेदाहून मोठा ठरला. ज्याच्या हातून काम काढून घेतले जात नाही त्याला तुरुंग एका मर्यादित अर्थाने रिकामा वेळ देतो. डोंगरीत दोघा मित्रांच्या भावी कार्याविषयीच्या चर्चा झाल्या त्या या वेळातच.

हाच धागा पुढे बळकट होत गेला. १९०८ साली टिळकांना झालेली काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत परिवर्तित होऊन ते मंडालेस गेले. तेथे सिद्ध झालेला 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. तुरुंग म्हणजे एकांत, एकांत म्हणजे चिंतन आणि चिंतनाचे फळ म्हणजे ग्रंथ, असे एक समीकरण त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात रुजले. या कृतींचे मोल कोणी नाकारणार नाही. मात्र त्यांनी तुरुंगाची जी प्रतिमा उभी केली, ती अभ्यासिकेची आहे. त्याच भिंतींच्या आत खडी फुटत होती, जाती फिरत होती, चटया विणल्या जात होत्या. त्यांचा आवाज या ग्रंथांत सहसा येत नाही. तो त्यांचा विषयही नव्हता. परंतु एका परंपरेतील अनेक ग्रंथ एकाच जागी गप्प राहिले, तर त्या मौनाची दखल समीक्षेने घेतलीच पाहिजे.

३

हे मौन प्रथम ठळकपणे भंगले ते विनायक दामोदर सावरकर यांच्या 'माझी जन्मठेप' या ग्रंथात. सावरकर १९११ च्या जुलैत अंदमानास पोहोचले; ग्रंथ १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातील राजकीय आशयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की मराठी गद्यात तुरुंगातील श्रमाची प्रक्रिया इतक्या तपशिलाने प्रथमच अवतरली. प्रथम छिलका कुटून काथ्या काढण्याचे काम आणि त्यानंतर कोलू. कोलू म्हणजे घाणा. जेथे बैल जुंपावयाचा तेथे माणूस जुंपलेला, आणि दिवसाकाठी खोबऱ्याचे तीस पौंड तेल काढून देण्याचा दंडक.

हा 'तीस पौंड' असा आकडा ग्रंथात केवळ माहिती म्हणून येत नाही. शिक्षा येथे तासांत मोजलेली नाही, वजनात मोजलेली आहे. सायंकाळी तेल मापून घेतले जाई. माप भरले नाही तर पुन्हा काम, त्यातही उणे पडले तर खडी हातबेडी, दंडाबेडी, गंजीचा आहार. काळाने मोजलेल्या शिक्षेत सशक्त आणि अशक्त यांना निदान दिवस तरी सारखाच असतो. वजनाने मोजलेल्या शिक्षेत अशक्ताचा दिवस लांबत जातो. सावरकरांची लेखणी ही गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडीत नाही. भोवळ येणे, पोटात पीळ पडणे, आत्मघाताचा विचार मनात डोकावणे, अशा शारीर आणि मानसिक नोंदींतून ती वाचकाला उमगते. अलंकारप्रिय असलेली ही शैली कोलूपाशी आली की तिचा वेग आवरला जातो आणि ती वस्तूंना त्यांच्या नावाने हाक मारू लागते. ग्रंथातील सर्वांत टिकाऊ पाने ती हीच होत.

या पानांमागील व्यवस्थेचा इतिहासही ध्यानात ठेवला पाहिजे. मेकॉले ज्या तुरुंगशिस्त समितीचा सभासद होता, त्या समितीने १८३८ साली रस्त्यांवरील उघड्या कामाऐवजी तुरुंगाच्या आतील एकसुरी, कंटाळवाण्या आणि मन न रमणाऱ्या कामाची शिफारस केली होती. श्रम उपयुक्त असण्यापेक्षा तो नकोसा असणे महत्त्वाचे, ही त्यामागील भूमिका. अंदमानातील वसाहत १८५८ साली सुरू झाली आणि कोठड्यांचा मोठा तुरुंग १९०६ च्या सुमारास पुरा झाला. कोलूमध्ये दोन्ही हेतू एकत्र आले. काम नकोसे होतेच. शिवाय त्यातून तेलही निघत होते.

४

तथापि याच ग्रंथाची मर्यादाही श्रमाच्याच संदर्भात स्पष्ट होते. कोलू ही यातना आहे, हे ग्रंथ निःसंशय सिद्ध करतो. पण ती कोणासाठी यातना आहे? सुशिक्षित, सुसंस्कृत, राजकीय हेतूने प्रेरित झालेल्या माणसाला हे काम देणे हा अन्याय, असा एक सूर ग्रंथात वारंवार उमटतो. कोणाही माणसाला बैलाच्या जागी जुंपणे हा अन्याय, असा दुसरा सूरही आहे. परंतु तो क्षीण आहे. या दोन सुरांतील अंतर म्हणजेच या ग्रंथातील नैतिक पेच होय.

हा पेच केवळ लेखकाच्या मनोवृत्तीतून उद्भवलेला नाही. १९१३ च्या अर्जात सावरकरांनी दाखविलेली विसंगती येथे उद्बोधक आहे. राजकीय बंदी म्हणून सवलत मागावी तर 'तुम्ही सामान्य कैदी' असे उत्तर मिळे. आणि सामान्य कैद्याला ठराविक काळानंतर मिळणारे बाहेरचे काम मागावे तर 'तुम्ही विशेष वर्गातील' म्हणून नकार येई. अशा कोंडीत सापडलेल्याने आपले वेगळेपण आग्रहाने मांडावे, हे समजण्यासारखे आहे. शिवाय आत्मचरित्रकार आपल्याच देहाची साक्ष देऊ शकतो, असाही बचाव करता येईल. तो अंशतः मान्य केला पाहिजे. सामान्य बंदिवानांना अक्षरओळख करून देण्यासाठी सावरकरांनी केलेली खटपटही ग्रंथात आहे, आणि तीत त्या माणसांविषयीचा कळवळा दिसतो.

परंतु हा बचाव एका ठिकाणी अपुरा पडतो. अंदमानात वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार हे सारे बहुधा बंदीच असत. थोड्या सवलतीच्या मोलाने एका बंदिवानाकडून दुसऱ्यावर पहारा करवून घेणे, ही शासनाची काटकसरीची आणि अत्यंत परिणामकारक युक्ती होती. हा पहाराही एक प्रकारची सक्तमजुरीच. ग्रंथात ही यंत्रणा तपशिलाने दिसते. पण तिचे विवरण करताना तिचा दोष पुष्कळदा पठाण, सिंधी, बलुची अशा जमातींच्या आणि त्यांच्या धर्माच्या खात्यावर मांडला जातो. ज्याने बंदीवर बंदी नेमला तो कारभार त्यामुळे काही अंशी सुटतो, आणि वॉर्डर हा स्वतः शिक्षा भोगणारा मनुष्य आहे ही गोष्ट वाचकाच्या नजरेआड होते. निरीक्षण अचूक आणि निदान सदोष, असा हा प्रकार आहे.

५

याच तुरुंगाविषयीच्या दोन बंगाली आत्मकथा तुलनेसाठी घेण्याजोग्या आहेत. उपेंद्रनाथ बंदोपाध्याय यांची 'निर्वासितेर आत्मकथा' आणि बारींद्रकुमार घोष यांची, इंग्रजीत १९२२ साली आलेली, निर्वासनाची कहाणी. कोलू तेथेही आहे. परंतु उपेंद्रनाथ विनोदाचा अवलंब करतात, आणि ज्या विनोदाचा विषय लेखक स्वतःच असतो, तो आपोआप त्याला इतरांच्या पंक्तीस बसवितो. सावरकरांचा वीररस लेखकाला इतर बंदिवानांपासून उंचावतो. उपेंद्रनाथांचा हास्यरस त्याला खाली आणतो. यांपैकी कोणता रस श्रेष्ठ हा येथे प्रश्न नाही. सामान्य बंदिवान कोणत्या रसात अधिक माणूस म्हणून दिसतो, एवढेच पाहावयाचे आहे.

वाङ्मयातील हा वेगळेपणाचा आग्रह पुढे शासनाच्या नियमांतही उतरला. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांचा ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १९२९ साली अंत झाला, आणि १९३० मध्ये बंदिवानांचे अ, ब, क असे वर्ग पाडण्यात आले. वरचे वर्ग द्यावयाचे ते सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणी पाहून. चळवळीने मागितले होते ते माणुसकीचे मान. मिळाली ती प्रतिष्ठेनुसार वाटणी. 'क' वर्गाची खडी आणि चक्की होती तेथेच राहिली.

६

श्रमाकडे शिक्षा म्हणून न पाहता सुधारणेचे साधन म्हणून पाहणारी दृष्टी ललितकृतीत ठळकपणे आली ती 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटात. चित्रपट हिंदी असला तरी दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि कथाकार ग. दि. माडगूळकर हे दोघेही मराठी, आणि त्यामागील प्रेरणा औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीची. सहा खुनी बंदिवान ओसाड जमीन कसतात, भाजीपाला पिकवितात आणि त्यातून माणूस बनतात, असे हे कथानक.

त्यातील बाजाराचा प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. बंदिवान आपला माल रास्त भावात विकू लागताच व्यापाऱ्यांचे पित्त खवळते आणि शपथेने बांधले गेलेले ते सहा जण मार खातात पण हात उगारीत नाहीत. तुरुंगातील स्वस्त मालाने बाहेरच्याचे नुकसान होते, ही तुरुंग-उद्योगांविरुद्धची जुनी तक्रार होय. चित्रपटाने तिला स्पर्श केला आणि लगेच तिचे रूपांतर अहिंसेच्या कसोटीत केले. आर्थिक प्रश्न नैतिक प्रश्नात विरून गेला. पिकाचे पैसे कोणाचे, घाम गाळणाऱ्याचा त्यावर हक्क किती, हे विचारले गेले नाही; कारण बंदिवानाचा उद्धार येथे एका सत्पुरुषाच्या दोन डोळ्यांवर अवलंबून आहे. कोलूवरचा श्रम अपमान होता, शेतावरचा श्रम प्रायश्चित्त झाला. मजुरी मात्र तो अजूनही झाला नाही.

७

ज्याला समाजाने जन्मतःच गुन्हेगार ठरविले त्याने स्वतः लेखणी हाती घेईपर्यंत हे चित्र अपुरेच राहणार होते. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेलेल्या जमाती १९५२ साली कायद्याने मुक्त झाल्या; पण त्या जीवनाची आतून दिलेली साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ च्या आत्मकथनाने मराठीत मोठ्या सामर्थ्याने आली. येथे पोलीस, मारहाण आणि उपासमार यांच्या वर्णनात आपण वेगळे असल्याचा दावा नाही; उलट आपल्याला वेगळे काढल्याची तक्रार आहे. सावरकरांच्या ग्रंथात जो 'चोर' पार्श्वभूमीत उभा होता, तोच येथे निवेदक झाला आहे. बंदिवास-वाङ्मयाच्या इतिहासात 'उचल्या'ची गणना सहसा केली जात नाही. श्रम आणि शिक्षा यांच्या दृष्टीने पाहता ती झाली पाहिजे.

अलीकडील न्यायनिर्णयांनी या वाङ्मयीन प्रश्नाला अनपेक्षित दुजोरा दिला आहे. १९९८ साली गुजरात राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सक्तमजुरीच्या बंदिवानाकडून काम घेणे वैध मानले, पण त्याला न्याय्य वेतन दिले पाहिजे असे ठरविले. 'मजुरी' या शब्दाचा गळून पडलेला अर्थ त्याला तत्त्वतः परत मिळाला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणातील निर्णयाने त्याहून खोल गोष्ट उघडी केली. अनेक राज्यांच्या तुरुंगनियमांत स्वयंपाक कोणत्या जातीने करावा आणि झाडलोट कोणत्या जातीकडे द्यावी याच्या तरतुदी तोपर्यंत शिल्लक होत्या, आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याची वृत्तीही. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरविल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेतही सक्तमजुरी कायम आहे. तिच्या जोडीला समाजसेवेची शिक्षा तेवढी आली आहे.

तुरुंगातील काम सर्वांना सारखे कधीच नव्हते. ते दर्जा पाहून आणि जात पाहून वाटले जात होते, हे या निर्णयाने कायद्याच्या भाषेत सांगितले. मराठी बंदिवास-वाङ्मयातही हीच वाटणी आहे. कोणाच्या श्रमाला यातना म्हणावयाचे आणि कोणाच्या श्रमाला नित्यक्रम, हे त्यात बहुतांशी लेखकाच्या दर्जाने ठरले. 'माझी जन्मठेप'मधील कोलूची पाने म्हणूनच आज पुन्हा वाचावयास हवीत. मात्र ती एका असामान्य पुरुषाच्या सोसण्याची गाथा म्हणून वाचणे पुरेसे नाही. त्याच घाण्यावर त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर जे जुंपले गेले, ज्यांचे तीस पौंड भरले किंवा भरले नाहीत, आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांच्या वतीने मराठीत उपलब्ध असलेली ती सर्वांत तपशीलवार साक्ष आहे. लेखकाचा हेतू तेवढा व्यापक नसेल. त्याच्या तपशिलाचा अर्थ तेवढा व्यापक आहे.