कुलुपाविना गाव आणि शाळेतील मूल्यपाठ

प्राथमिक शाळेतील मुलांस गणित-भाषेबरोबरच राग आवरणे, दुसऱ्याचे दुःख ओळखणे, भांडण मिटविणे हेही शिकवावे, असा आग्रह अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही त्यास स्थान मिळाले आहे. आग्रह रास्त आहे. परंतु हे शिकवावयाचे कशाच्या बळावर, ह्याचा खल फारसा होत नाही.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. घरांस दारे नसण्याची तेथील परंपरा वाचकांस ठाऊकच आहे. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा काढली, तीही रूढ कुलुपाविना. परक्याच्या वस्तूस हात लावू नये, हा धडा तेथील मूल पाटी हाती येण्यापूर्वीच शिकते, आणि तो थोडका नव्हे. पण त्याच्या मुळाशी शनीच्या कोपाचे भय आहे. भयाने घर राखले जाते. घरधन्याविषयी आस्था त्याने उपजतेच असे नाही. ज्या गावाने सर्वांस घरे मोकळी ठेवली, तेथील देवाचा चौथरा स्त्रियांस मोकळा होण्यास मात्र एप्रिल २०१६ उजाडावा लागला, आणि तोही न्यायालयात दाद मागितल्यावर.

भयाहून निराळा मार्ग मराठीत कोणी दाखविला असेल, तर तो साने गुरुजींनी. १९३५ साली निघालेल्या ‘श्यामची आई’वर ती रडवी असल्याचा आक्षेप जुनाच आहे, तो आम्हांस अगदीच अमान्य नाही. पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई मारते, तो प्रसंग आजच्या शिक्षकाने आदर्श म्हणून सांगू नये. पण अळणी भाजीचा प्रसंग पाहा. भाजीत मीठ नाही हे वडिलांस कळते, ते मुकाट्याने जेवतात. मुले ते पाहतात आणि तीही गप्प राहतात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला कळते. येथे कोणी कोणास उपदेश केला नाही. तो पुढे लेखक करतात, आणि आमच्या मते तेथेच त्यांचा हात किंचित सैल पडतो.

उपदेश टाळण्याचा यत्न शाळांतूनही झाला आहे. शांतिलाल मुथ्था ह्यांच्या पुढाकाराने २००९ साली बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ उपक्रम सुरू झाला व पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने अन्यत्र गेला. मुलांनी जोडीजोडीने व लहान गटांत बोलावे, खेळावे, एकमेकांचे ऐकावे, ही त्याची रीत. दोष रीतीत नाही; पण उपक्रमाची पुस्तिका हाती आली, की ती ‘पूर्ण करण्याची’ आपल्याकडील जुनी खोड आहे, तिची धास्ती वाटते.

गुरुजींच्याच पुस्तकात एक कसोटीची जागा आहे. वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला सांगते, आणि मग स्नान करावयासही सांगते. शिक्षकाने येथे पुस्तक मिटावे व मुलांस बोलू द्यावे. स्नान कशासाठी, असे एखादे आठ वर्षांचे मूल विचारीलच. आणि त्याचे उत्तर शिक्षकास कोणत्याही पुस्तिकेतून वाचून दाखविता येणार नाही.