लोकरंजन आणि एक तरुण दिग्दर्शक

जे बहुतांना आवडते ते हलके, आणि जे थोड्यांनाच उमगते तेवढेच श्रेष्ठ, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून फार दिवस ठाण मांडून बसला आहे. त्याच्या उलट, जे खपते तेच खरे, बाकी सारा पंडितांचा डौल, असे म्हणणाराही एक पक्ष आहे, आणि तो अलीकडे बराच बळावला आहे. हे दोन पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, एका गोष्टीत त्यांचे मत एक आहे: लोकरंजन आणि कला ही दोन निरनिराळ्या गावची रहिवासी आहेत, असे दोघेही धरून चालतात. भिन्न रुचीच्या माणसांचे एकाच वेळी समाधान करणारी वस्तू म्हणून कालिदासाने नाट्याचा गौरव केला होता, याचा उभयतांनाही विसर पडलेला दिसतो.

या जुन्या वादाकडे नव्या नजरेने पाहावयास लावणारे दोन बोलपट आमच्या पाहण्यात आले, आणि ते पुन्हा पाहिल्यावर आमच्याच काही मतांविषयी आम्ही साशंक झालो. त्यांचे कर्ते श्री. चैतन्य ताम्हाणे यांचा जन्म १९८७ सालचा. ‘कोर्ट’ हा त्यांचा पहिला कथापट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. त्या महोत्सवात त्याला दोन पारितोषिके मिळाली, आणि पुढे आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. दुसरा ‘द डिसायपल’ २०२० साली त्याच महोत्सवात गेला आणि पटकथेचा मान घेऊन आला. परंतु पारितोषिकांवरून कृतीचे मोल ठरवावयाचे झाले तर टीकाकाराला करण्यासारखे काहीच उरत नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. हा तरुण लोकरंजनाच्या बाजारात परका म्हणून आलेला नाही. विशीच्या आतच त्याने दूरचित्रवाणीच्या मालिकालेखनात उमेदवारी केली, आणि २००६ साली आपल्याकडील बोलपटांतल्या उसनवारीवर एक माहितीपटही तयार केला. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्या स्वयंपाकघरात तो स्वतः वावरलेला आहे.

‘कोर्ट’चे कथानक थोडक्यात असे. मुंबईत गटारात उतरून सफाई करणारा एक कामगार मरण पावतो. नारायण कांबळे नावाच्या वृद्ध लोकशाहिराने गायिलेल्या गीतामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला पकडतात, आणि मग खालच्या न्यायालयातील तारखांमागून तारखा सुरू होतात. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, आणि २०२१ साली करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. मृत कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहून सांगते की, तिचा नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत एक खडा टाकी. झुरळे बाहेर आली म्हणजे आत हवा आहे असे समजावयाचे. हे वाक्य कानी पडताच मृत्यूचे खरे कारण प्रेक्षकाला उलगडते. तथापि न्यायालयाचे काम मात्र थांबत नाही.

एवढ्यावरून हा केवळ न्यायव्यवस्थेवरील बोलपट आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तो तितकाच करमणुकीविषयीचाही वाटतो. सुटीच्या दिवशी सरकारी वकीलबाई आपल्या कुटुंबासह नाटकाला जातात. रंगमंचावर एका मराठी मुलीला उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या तरुणाशी लग्न करावयाचे असते. तिचा बाप त्या तरुणाला, आणि त्याच्या निमित्ताने सर्वच परप्रांतीयांना, यथेच्छ शिव्या हासडून घालवून देतो, आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जाते. वकीलबाई हसतात, मुले हसतात. कोणाच्याही मनात पाप नसते. रविवार गोड जावा एवढीच सर्वांची इच्छा असते. श्रीमती गीतांजली कुलकर्णी यांनी ही वकीलबाई इतक्या सहजपणे रंगविली आहे की तिच्यावर रागावणे प्रेक्षकाला जमत नाही. ती आगगाडीतून घरी येते, स्वयंपाक करते, नवऱ्याच्या पथ्यपाण्याची काळजी वाहते. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातलीच बाई ती.

आता या दोन प्रयोगांचा ताळा पाहा. एक शाहीर चाळीच्या चौकात उभा राहून गातो, दुसरीकडे तिकीट लावून नाटक होते. दोन्ही लोकरंजनच. एकाने कोणाचा द्वेष करावयास शिकविले, याचा पुरावा न्यायालयात शोधूनही सापडत नाही. दुसरे तर द्वेषावरच टाळी घेते. पण पहिल्यावर खटला होतो, आणि दुसरे सहकुटुंब पाहिले जाते. ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली, तेव्हा सरकारला नाटकाच्या सामर्थ्याची भीती वाटली होती. त्या भीतीत निदान कलेची एक उलटी कदर तरी होती. येथे कोणाला भीतीही वाटत नाही. कारकुनाने कागदावर शिक्का मारावा तितक्या थंडपणे एका माणसाचे गाणे बंद केले जाते. लोकरंजनाची खरी परीक्षा ते उच्च आहे की नीच ही नव्हे. ते ऐकताना आपण कोणाच्या बाजूला बसलो आहो, ही आहे. श्री. ताम्हाणे हे कोठेही बोलून दाखवीत नाहीत. दोन चित्रे पुढे ठेवून ते बाजूला होतात.

त्यांची कॅमेऱ्याची पद्धतही या विचाराला धरूनच आहे. कॅमेरा दूर आणि स्थिर उभा राहतो. न्यायालयाला सुटी लागते, माणसे निघून जातात, दिवे मालविले जातात, तरी तो तेथेच असतो. पडदा काळा होतो आणि आपण उठावयास लागतो, इतक्यात बोलपट पुन्हा सुरू होतो व न्यायाधीशमहाराज नातलगांबरोबर सहलीला गेलेले दिसतात. न्यायासनावरून उतरल्यावर हा माणूस कसा हसतो, कशावर विश्वास ठेवतो, हे कळल्याखेरीज त्याचा न्याय आपल्याला कळणार नाही, असा त्यातला अभिप्राय आहे.

‘द डिसायपल’मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने हाती घेतला आहे. शरद नेरूळकर हा मुंबईतला तरुण शास्त्रीय संगीताची साधना करतो. गुरुजी वृद्ध आहेत, आजारी आहेत. तो त्यांची मनोभावे सेवा करतो. रात्री निर्जन रस्त्यांवरून मोटारसायकलने फिरताना तो ‘माई’ नामक दिवंगत विदुषीची ध्वनिमुद्रित प्रवचने ऐकतो. गायकाने लोकांसाठी गाऊ नये, कीर्तीची आशा धरू नये, मन निर्मळ ठेवावे, असा त्यांचा उपदेश. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे, आणि त्यातील शांत कठोरपणा बोलपट संपल्यावरही कानांत घुमत राहतो. शरदचे काम करणारे श्री. आदित्य मोडक आणि गुरुजींचे काम करणारे श्री. अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत. त्यामुळे या बोलपटातले गाणे गाण्यासारखे वाटते. आपल्याकडील बोलपटांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे.

शरदची शोकांतिका अशी की त्याच्याजवळ निष्ठा आहे, कष्ट आहेत, श्रुतींचे ज्ञान आहे. नाही ती प्रतिभा. आणि ती नाही हे त्याला हळूहळू, वर्षानुवर्षांच्या गतीने कळत जाते. या कळण्याच्या वाटेवर लोकरंजन त्याला पुनःपुन्हा भेटते. दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धेत एक साधी मुलगी गोड गाते. पुढच्या खेपेला ती दिसते तेव्हा तिचा वेष, तिचे हावभाव, तिचे गाणे सारेच बाजाराने पालटून टाकलेले असते. शरद ते पाहत राहतो. त्याच्या दृष्टीत तिरस्कार किती आणि हेवा किती, हे सांगणे अवघड आहे. पुढे तो स्वतः शिकवू लागतो. एक विद्यार्थी आईला बरोबर घेऊन येतो आणि महाविद्यालयातील मित्रांच्या वाद्यवृंदात गाण्याची परवानगी मागतो. शरद त्याला तोडून टाकतो: तिकडे गेलास तर येथे येऊ नकोस. माईंचे वचन येथे शिष्याच्या तोंडून बाहेर पडते. परंतु माईंच्या वाणीत जे वैराग्य होते त्याचा येथे केवळ कडवटपणा झालेला असतो. शुद्धतेचा आग्रह आणि अपयशाचा सूड यांत किती थोडे अंतर असते, हे आम्ही इतक्या मार्मिकपणे दाखविलेले क्वचितच पाहिले आहे.

तथापि दोन आक्षेप नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. पहिला त्या स्पर्धेतील मुलीविषयी. ‘कोर्ट’मध्ये ज्या दिग्दर्शकाने सरकारी वकीलबाईच्या घरात शिरून तिला न्याय दिला, तोच येथे या मुलीला केवळ दूरचित्रवाणीच्या काचेआडून दाखवितो. तिच्या मनात काय झाले? ती हरली की जिंकली? शरदला ते ठाऊक नाही हे खरे. परंतु दिग्दर्शकाने शरदपेक्षा अधिक पाहावे, अशी अपेक्षा त्यानेच आपल्या पहिल्या कृतीने आमच्यात निर्माण केली आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. या बोलपटात शुद्ध संगीत आणि लोकप्रिय संगीत यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती महाराष्ट्राच्या इतिहासात इतकी अभेद्य कधीच नव्हती. ‘मानापमाना’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवरा’ला १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्यालगायकी तिकीट काढून नाटकाला आलेल्या गृहस्थांच्या आणि गृहिणींच्या कानी पडली, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून गुणगुणली जाऊ लागली. बालगंधर्वांना ऐकता ऐकता ज्यांना रागांची ओळख झाली अशांची नातवंडे आज शास्त्रीय संगीताच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसतात. बाजाराने संगीत बुडविले असे म्हणताना, एके काळी बाजारानेच ते आमच्या घरी आणून पोहोचविले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. शरदला याची आठवण नसेल. मुंबईतल्या मराठी गवयाची कथा सांगताना दिग्दर्शकाला ती असावयास हवी होती.

हे लिहीत असता आमच्या एका जुन्या अपराधाची आठवण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता; शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर तो फार चांगले लिही. एके दिवशी त्याने भीत भीत सांगितले की, एका करमणुकीच्या मालिकेसाठी संवाद लिहिण्याचे काम त्याला मिळाले आहे, आणि त्याविषयी त्याला आमच्याशी बोलावयाचे आहे. आम्ही हसून म्हणालो, ‘दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.’ वाक्य आम्हांस त्या वेळी मोठे समर्पक वाटले होते. तो नमस्कार करून गेला, आणि पुन्हा आमच्या खोलीत आला नाही. त्या मालिकेतील संवाद चांगले होते की वाईट, हे आम्ही कधी ऐकूनही पाहिले नाही. शरद त्या विद्यार्थ्याला तोडून बोलला तेव्हा, त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता, आमची मान खाली गेली.

बोलपटाच्या अखेरीस शरदने मैफल अर्ध्यावर सोडलेली असते, आणि जुन्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका विकण्याचा व्यवसाय पत्करलेला असतो. पत्नी आणि लहान मुलगी यांच्यासह तो लोकलच्या डब्यात बसलेला असताना एक फिरता गवई तंतुवाद्य वाजवीत, गात डब्यातून जातो. त्याच्या गाण्याला गुरू कोण, घराणे कोणते, हे कोणी विचारीत नाही. शरद त्याच्याकडे पाहतो आणि दृष्टी वळवितो. या दृष्टी वळविण्याचा अर्थ दिग्दर्शक सांगत नाही, आणि आम्हीही सांगू नये हे बरे. मात्र एवढे म्हणावयास हरकत नाही की, ‘कोर्ट’मधला शाहीर आणि हा डब्यातला गवई हे एकाच कुळातले आहेत. पहिल्याला आम्ही कायद्याने गप्प केले. दुसऱ्याला आम्ही न ऐकून गप्प करतो.

श्री. ताम्हाणे यांचे हे दोन बोलपट सर्वांना आवडतील असे नाही. ते संथ आहेत, आणि टाळी घेण्याची एकही जागा त्यांत नाही. परंतु घरातील वडील मंडळींनी ते तरुण मुलांसमवेत पाहावे, आणि पाहून झाल्यावर त्या मुलांना ती हल्ली काय ऐकतात, काय पाहतात, हे एकदा विचारावे. विचारल्यावर उत्तर ऐकून घ्यावे. आमच्या हातून ते राहिले.