खाजणावरील उंच कचेरी आणि लवचिकतेचा प्रश्न

उंच कार्यालयीन इमारतींविषयी हल्ली जे लिहिले जाते त्यात ‘शाश्वत’ व ‘लवचिक’ ही विशेषणे जोडीने येतात. बहुधा ती माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर येतात. इमारतीच्या छेदचित्रात मात्र त्यांचा मागमूस नसतो. उरण, पनवेल व पेण ह्या तालुक्यांतील १२४ गावांचे, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरांचे नवे नगर राज्य शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचित केले. त्याच वर्षी जानेवारीत अटल सेतू वाहतुकीस खुला झाला होता. रायगडच्या किनाऱ्यावर उंच कचेऱ्यांची मागणी होणार हे उघड आहे. तेव्हा ह्या दोन विशेषणांचा येथे नेमका अर्थ कोणता, हे तपासून पाहणे प्राप्त आहे.

ह्या प्रश्नास पूर्वेतिहास आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. कचेऱ्या पलीकडे गेल्या तर माणसे जातील आणि शासन स्वतः पुढे गेले तर कचेऱ्या जातील, हे त्या कल्पनेचे मर्म होते. वस्तुतः घडले उलट. मंत्रालय जागचे हलले नाही आणि त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर मनोरे उठले. बेलापूरला कचेऱ्या आल्या, परंतु ज्याच्यामागून इतर जातात तोच गेला नाही. १९७४ मध्ये पूर्ण झालेली एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांस विकत घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिली, हा ह्या कथेचा उपरोधिक उत्तरार्ध होय. त्यातून आपल्या विषयापुरती गोष्ट इतकीच घ्यावयाची की, पन्नास वर्षे पुरी होण्यापूर्वीच इमारतीचे मूळ प्रयोजन संपले, सांगाडा मात्र धडधाकट राहिला.

अशा सांगाड्याचे पुढे काय होणार, हे त्याच्या आरंभीच ठरलेले असते. लाकडी आडभिंती हलविता येणे म्हणजे लवचिकता नव्हे. ती फर्निचरची सोय झाली. मजल्याची उंची, स्तंभांतील अंतर, जिने-उद्वाहकांच्या गाभ्याचे स्थान, नळ व तारा नेणाऱ्या उभ्या पोकळ्या आणि लादी किती भार पेलते, ह्या पाच गोष्टी एकदा काँक्रीटमध्ये ओतल्या की बदलत नाहीत. मजल्याची उंची कंजूषपणे धरलेल्या कचेरीत उद्या रुग्णालय अथवा प्रयोगशाळा घालू म्हटले तर हवेचे नळ नेण्यासही जागा उरत नाही. खिडकीपासून गाभा फार लांब असेल तर तेथे घरे होऊ शकत नाहीत, कारण मधल्या खोल्या कायमच्या अंधाऱ्या राहतात. २०२० च्या महामारीत कचेऱ्या एकाएकी ओस पडल्या, तेव्हा ही अडचण केवळ तात्त्विक नाही हे साऱ्या जगाने पाहिले.

किनाऱ्यावर ह्या प्रश्नाचे मूळ आणखी खोल, अक्षरशः जमिनीखाली आहे. उलवे-द्रोणागिरीकडील खाजणांत व मिठागरांत मऊ सागरी चिकणमातीचे थर असून कठीण बेसाल्ट त्यांच्याखाली आहे. उंच इमारतीचा भार पाइल घालून त्या खडकापर्यंत न्यावा लागतो. वर भराव टाकला की चिकणमाती वर्षानुवर्षे दबत राहते आणि दबताना पाइलला खाली ओढते. म्हणजे पाइलने इमारतीचा भार तर वाहावयाचाच, शिवाय खचणाऱ्या मातीचाही. खारे पाणी पोलादास गंजविते ते वेगळेच. त्यासाठी सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण जाड ठेवावे लागते व स्लॅगमिश्रित सिमेंट हितावह ठरते. असा स्लॅग पेण तालुक्यातील डोळवीच्या पोलाद कारखान्यातच निघतो, हे ह्या किनाऱ्याचे सुदैव म्हणावे. तरीही पहिला मजला दिसण्यापूर्वीच सिमेंट-पोलादाचा मोठा साठा भूमिगत झालेला असतो. तो एका पिढीच्या भाड्यासाठी खर्ची घालणे ह्यास शाश्वत म्हणणे आम्हांस पटत नाही. छतावर सौरपट्ट्या बसविल्याने हा हिशेब फिटत नाही.

काचेच्या पश्चिम भिंतीविषयी काय लिहावे! तिकडूनच दुपारचे ऊन येते व तिकडूनच पावसाळी झोड. खोल सावलीचा सज्जा दोहोंस उत्तर देतो. कोरियांनी मुंबईच्या कांचनजंगा ह्या निवासी मनोऱ्यात ते १९८३ मध्ये करून दाखविले असून त्या इमारतीचे संरचना-अभियंते शिरीष पटेल हेच होते. कचेरीबाबतच ते अव्यवहार्य का ठरावे?

अधिक उंचीचा मजला व अधिक भारक्षम लादी खर्चिक असते, हा विकासकांचा आक्षेप खरा आहे. परंतु हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस जमीन आहे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना पुढे मिळाला तो ह्या लढ्यामुळे. भातखाचर अथवा मिठागर एकदा भरावाखाली गेले की परत मिळत नाही. ज्या जमिनीला दुसरे आयुष्य नाही, तिच्यावरील इमारतीला तरी दोन-तीन आयुष्ये असावीत, ही मागणी अवाजवी खासच नव्हे. म्हणून ह्या नव्या नगराची बांधकाम-नियमावली घडताना परवानगीच्या अर्जासोबत, तीच संरचना घर, शाळा वा रुग्णालय म्हणून कशी वापरता येईल हे दाखविणारे दुसरे छेदचित्र मागविले जावे. आमच्या विद्यार्थ्यांनी तूर्त बेलापूरच्या एखाद्या जुन्या कचेरीचे तसे चित्र काढून पाहावे. ते कोठे अडते ह्याची नोंद नियमावली लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.